सांडलेल्या काचेचे बूट

माझ्या नणंदेनं माझ्या नवऱ्याचा उजवा हात मोडला, तेव्हा मी तिच्या शेडच्या दारातच उभी होते. हाड मोडल्याचा आवाज मला एवढ्या गोंगाटातही ऐकू आला. त्या दिवसाबद्दल लोक अजून उलटसुलट बोलतात, आणि बोलणाऱ्यांतले निम्मे तिथे नव्हतेच. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणून मी सांगते. मी तिची भावजय. तिची बाजू घ्यायचं मला काही कारण नाही. नवऱ्याची बाजू घ्यायचं कारण आहे, पण ती दर वेळी घेता येत नाही, हे लग्न झालेल्या कुठल्याही बाईला विचारा.

कारखान्यात तिला सगळे ठिकरी म्हणत. मी वन्सं म्हणते. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत तिच्या गालावर पांढरी रेघ आहे. ती सात वर्षांची असताना माझ्या सासऱ्यांनी सासूबाईंवर बाटली फेकली. सासूबाई वाकल्या, बाटली भिंतीवर फुटली, आणि तिची ठिकरी मागे उभ्या असलेल्या पोरीचा गाल उघडून गेली. टाके घालताना पोरगी रडली नाही म्हणतात. मला ते खोटं वाटतं. सात वर्षांचं कुठलंही पोर रडेल.

सासरे बाटल्यांच्या कारखान्यात मोठ्या भट्टीवर होते. वितळलेल्या काचेसमोर आठ तास उभा राहणारा माणूस घरी येताना निवून येत नाही, असं सासूबाई आधी आधी सांगायच्या. नंतर त्यांनी कारणं सांगणं सोडलं. ते हातानं कमी आणि पायानं जास्त मारायचे. कारखान्याचे बूट, पुढे लोखंडी टोपी असलेले. माझे हे चार वर्षांनी लहान. बाप दारात बूट आपटतोय असं ऐकू आलं की हे टेबलाखाली. वन्सं मात्र मध्ये जाऊन उभी राहायची. पंधराव्या वर्षी तिनं गरम इस्त्री उचलून बापाला मारली. खांद्यावर लागली, कातडं निघालं. सासरे क्षणभर बघत राहिले आणि हसले. "हात माझाच आहे पोरीचा," म्हणाले. त्यानंतर तिच्यासमोर त्यांनी सासूबाईंना मारलं नाही. ती बाहेर गेली की मारायचे.

अठराव्या वर्षी तीही त्याच कारखान्यात लागली, निवडीच्या पट्ट्यावर. समोरून बाटल्या पळत जातात, मागे दिवा असतो, बुडबुडा किंवा चीर दिसली की बाटली उचलायची आणि मागच्या लोखंडी डब्यात आपटायची. दिवसभर तेच. तिथे तिची नजर तयार झाली. काच कुठे ताणलेली आहे, कुठून जाणार, हे तिला हातात घेण्याआधी कळायचं. माणसांचं तसं कळायचं नाही, ते पुढे येईलच.

ती चोवीस वर्षांची असताना भट्टी फुटली. भट्टीच्या तळातल्या एका कोपऱ्याच्या विटा झिजल्या होत्या. माणसं चार महिने सांगत होती, साहेब लोक पुढच्या महिन्यात बघू म्हणत होते. एका सकाळी दहाच्या सुमाराला तो कोपरा सुटला. वितळलेली काच मधासारखी संथ वाहते असं आपल्याला वाटतं. पहिल्या क्षणाला ती तशी वाहत नाही. ती झेप घेते. तीन माणसं तिच्या वाटेत होती. मधले माझे सासरे.

माझे हे तेव्हा वीस वर्षांचे, त्याच पाळीला. त्यांनी एकाला काखेत हात घालून ओढलं. माणूस हातात आला, बूट मागे राहिले. तो माणूस संध्याकाळपर्यंत जगला आणि संध्याकाळपर्यंत ओरडला. सासऱ्यांना ओढायला कुणाला जाता आलं नाही. ह्यांनी बापाला उभ्या उभ्या पेटताना पाहिलं. लग्नानंतर कितीतरी वर्षं हे झोपेत पाय झाडायचे, माझ्या पोटऱ्यांवर निळे डाग असायचे. मी आईला सांगितलं पलंग अरुंद आहे.

चार दिवसांनी जमिनीवर थिजलेली काच कुदळींनी फोडून काढली आणि कारखान्याच्या मागच्या भिंतीपलीकडे टाकली. हिरवीकाळी, आत राख, माती, खिळे. लोक त्या ढिगाकडे बघायचे नाहीत.

वन्संनी नोकरी सोडली. शहरात एक म्हातारी शिल्पकार बाई होती, भट्टीत काच ओतून मूर्ती करणारी. तिला काच फोडायला दणकट हात हवे होते. वन्सं सहा वर्षं तिच्याकडे राहिली. काम बाहेरून नाजूक वाटतं, तसं ते नाही. आधी मेणाची वस्तू करायची. तिच्याभोवती प्लास्टर आणि गारगोटीची पूड कालवून साचा ओतायचा. मग वाफ सोडून आतलं मेण वितळवून काढायचं. राहिलेल्या पोकळीवर काचेचे तुकडे रचायचे आणि भट्टी लावायची. काच वितळून आत उतरते ते काही तासांचं काम. निववायला आठ-दहा दिवस. घाई केली की वस्तू फुटते, कधी भट्टीत, कधी महिन्यानं कपाटात, कुणी हात लावलेला नसताना. शेवटी साचा हातोडीनं फोडायचा. म्हणजे सुरुवात फोडण्यात आणि शेवटही फोडण्यात. बाई तापट होती. चीर गेलेली वस्तू भिंतीवर फेकायची आणि म्हणायची, "रडायचं नाही. का फुटली ते लिही."

वन्सं लिहायची. त्या वह्या मी पाहिल्यात. पानोपान 'फुटली'.

एका गोष्टीवरून दोघींचं वाजलं. बाई स्वच्छ काचेच्या विटा परदेशातून, जहाजानं मागवायची. वन्सं म्हणाली, "आमच्या कारखान्यामागे काचेचा डोंगर पडलाय, आणि तुम्ही समुद्रापलीकडून काच आणता?"

बाई म्हणाली, "भंगारात भंगार मिसळलं की भंगारच होतं."

"करून दाखवते."

"माझ्या भट्टीत नाही."

म्हणून ती परत आली आणि बंद पडलेल्या मोटार-दुरुस्तीच्या शेडमध्ये तिनं स्वतःची भट्टी बांधली. पहिली दोन वर्षं भंगारानं तिला रडवलं. दहा ठिकाणच्या बाटल्या एकत्र वितळतात छान, पण निवताना प्रत्येक काच आपापल्या मापानं आखडते आणि एकमेकींना फाडते. मग तिनं नियम केला, एका वस्तूत एकाच भट्टीची काच. कारखान्यातून नापास झालेल्या बाटल्या ती हातगाडीनं आणायची. जुने साचे कुटून नव्या साच्याच्या बाहेरच्या थरात घालायची. वाफेनं निघालेलं मेण पुन्हा वापरायची. भट्टी निवत असताना तिच्या माथ्यावर पुढचे साचे वाळत ठेवायची, आणि भट्टी पूर्ण भरल्याशिवाय वीज लावायचीच नाही. चिकट बाई. पण कामाला नाव झालं. तिच्या वस्तू प्रदर्शनात गेल्या, वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, उजव्या गालाचा.

तो फोटो बघून कारखान्याचे धाकटे मालक शेडवर आले. अपघाताला वीस वर्षं होत होती. नव्या कचेरीच्या दालनात त्या तिघांचं स्मारक करायचं होतं. वन्सं म्हणाली, "काय करायचं ते मी ठरवणार. आणि मागचा ढीग मला हवा." त्यांनी लगेच मान हलवली. त्यांना ढीग म्हणजे कचरा.

तिनं तीन बूट करायचं ठरवलं. प्रत्येकाचा एकेक, त्याच सांडलेल्या काचेचे. तिन्ही एकाच भट्टीत.

मेणाचे बूट तयार झाले तेव्हा मी सासूबाईंना ते दाखवायला शेडवर घेऊन गेले. घरात सासऱ्यांचा जुना जोड होता, त्यावरूनच वन्संनी मधला बूट घेतला होता. टाच बाहेरून झिजलेली, लोखंडी टोपीवर पोचा. वन्सं बाजूला उभी होती, परीक्षेच्या निकालाला उभी राहावी तशी. सासूबाईंनी बूट हातात घेतला, उलटा केला, परत ठेवला.

"चांगला झालाय," त्या म्हणाल्या. "अगदी तोच. माझ्या कमरेला विचार."

"आई, ते गेले त्याचं—" वन्सं म्हणाली.

"गेले त्याचं मला वाईट वाटलं होतं. असं जळायला नको होतं कुणी. पण ह्या बुटापुढे लोक फुलं ठेवणार असतील तर मला बोलावू नकोस."

सासूबाईंना बाहेर नेऊन मी परत आले तर वन्सं काच फोडत होती. जाड कापडात ढेकूळ गुंडाळून घणाचे घाव. इतक्या जोरानं की कापड फाटून तुकडे भिंतीवर उडत होते.

त्याच सुमाराला कारखान्यात कपात सुरू झाली आणि संप पेटला. नऊ आठवडे माणसं फाटकावर होती. लाठ्या पडल्या, एकाचं डोकं फुटलं, मालकाच्या गाडीची काच गेली. माझे हे संपात पुढे. आणि त्यात बातमी फुटली की ठिकरी मालकासाठी त्या ढिगातली काच वितळवतेय.

ह्यांनी घरी येऊन भिंतीवर मूठ मारली. "आमच्या बापांची राख मालकाच्या दालनात मांडणार ही? तेही आम्हाला हाकलत असताना?"

मी म्हटलं, "जाऊन तिला विचारा."

"तिला विचारून काय उपयोग? सुंभ जळेल, पीळ नाही जळायचा."

बहीणभाऊ एकाच मातीचे. विचारलं कुणीच नाही, सांगितलंही कुणीच नाही.

ते आले ती दुपारची तीनची वेळ. भट्टी निवायचा चौथा दिवस, आत अजून चारशेच्या वर तापमान. मी शिवणकामाची पाळी संपवून शेडवरून जात होते, आणि तीस-चाळीस माणसं गल्लीतून येताना दिसली. हे पुढे नव्हते, मागून धावत येत होते. पुढे होता पैलवान. खरा पैलवान नव्हे, आडव्या अंगाचा म्हणून नाव पडलेलं. भट्टीत गेलेल्या तिघांपैकी एकाचा मुलगा, जो संध्याकाळपर्यंत ओरडला त्याचा.

आधी खिडक्या गेल्या. मग मांडणी. इतक्या वर्षांच्या वस्तू तिच्यावर होत्या. कुणी एकेक उचलून आपटत नव्हतं, दोघांनी मांडणीच खेचून पाडली. तो आवाज संपेचना. एकानं प्लास्टरच्या पोत्यांवर पहार घातली, पांढरी धूळ उडाली, कोण कुठे आहे ते दिसेना. वन्सं ओरडत होती, "भट्टीला हात लावू नका! गरम आहे! मराल!" कुणाला ऐकू येत होतं आणि कुणाला ऐकायचं होतं?

धूळ थोडी बसली तेव्हा मला दिसलं की हे भट्टीपाशी आहेत. उजवा हात झाकणाच्या मुठीवर. वन्संनाही तेच दिसलं. तिच्या हातात भट्टी उचकायची लोखंडी सळई होती. "सोड!" ती म्हणाली. ह्यांनी मान वळवली, काहीतरी बोलले. तिनं सळई दोन्ही हातांनी वर घेतली आणि मनगटावर घातली. हे गुडघ्यावर आले, हात मुठीवर तसाच होता. तिनं दुसरा घाव घातला. तो आवाज मी ऐकलेला.

हात सुटला. मागच्या दोघांनी झाकण उचलून मागे लोटलं. उष्णतेचा लोट असा आला की सगळे दोन पावलं हटले, पैलवान सोडून. साच्यांसाठी भरलेली पाण्याची बादली त्यानं उचलली आणि आत ओतली.

भट्टी गरजली. वाफ, उकळतं पाणी, प्लास्टर, काच, सगळं वर आलं आणि त्याच्या तोंडावर आदळलं. तो पडला नाही. उभ्या उभ्या दोन्ही हातांनी चेहरा पुसत राहिला, आणि चेहरा हातांबरोबर निघत होता. आलेली माणसं चिमण्यांसारखी उडाली. शेडमध्ये आम्ही चौघं उरलो. वन्संनी पैलवानाला मागून कवळ घालून ओढत नळाखाली नेलं. मी माझ्या माणसाला उचललं. त्यांचा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात हे म्हणाले, "मी झाकण दाबून धरलं होतं."

"काय?"

"मारामारी होणार म्हणून मागून धावलो. थांबवायला. ती मला सोड म्हणाली, मी म्हटलं, ताई, मी दाबून धरलंय. तिला ऐकू नाही गेलं."

मी तशीच उठून शेडवर गेले. खरं सांगते, मी तिला बरं वाटावं म्हणून नाही गेले. मला तिला दुखवायचं होतं. ती ओलं प्लास्टर फावड्यानं खरवडत होती. मी दारातूनच सांगितलं. तिनं फावडं ठेवलं.

"कुठल्या बाजूला होता तो?"

मी दाखवलं. ती तिथे जाऊन उभी राहिली. मोडकं झाकण ओढून बसवलं, मुठीवर हात ठेवला आणि अंगाचा भार खाली टाकला. तशीच राहिली थोडा वेळ. मग हातही न धुता पोलीस ठाण्यावर गेली. मी मागोमाग.

ठाण्यात शेड फोडणाऱ्यांतले चौघे कोठडीत होते आणि मालकांचा वकील तक्रार लिहून तयार होता, फक्त तिची सही हवी होती. तिनं कागद परत सरकवला.

"माझी तक्रार नाही. माझ्यावर लिहा. भावाचा हात मी मोडला, सळईनं, दोनदा."

साहेब म्हणाले, "बाई, ते घरगुती आहे. घरी मिटवा."

"काच फुटली तर कोठडी, आणि हात मोडला तर घरगुती?"

साहेबांनी काही लिहिलं नाही. चौघे मात्र दोन दिवसांत सुटले, कारण सहीच नव्हती.

ती इस्पितळात आली तेव्हा ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. अकरा महिने दोघं बोलले नाहीत. हात वाकडा जुळला, दोन बोटं मिटत नाहीत. पैलवानाचा एक डोळा गेला. वन्सं त्याच्या घरी गेली तर त्याच्या आईनं दारातच तिच्या थोबाडीत मारली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी म्हातारीनं दार उघडं ठेवून पाठ फिरवली, म्हणजे ये. मी सोबत होते. वन्संनी पैलवानाला एकच विचारलं, "पाणी का ओतलंस?"

तो म्हणाला, "वीस वर्षं मला ते विझवायचं होतं."

संप मोडला. सहा महिन्यांत कारखानाही बंद झाला आणि नवी कचेरी कागदावरच राहिली. ढिगातली थोडी काच वन्संकडे पोत्यांत शिल्लक होती. भट्टी पुन्हा बांधून झाल्यावर तिनं सासूबाईंना विचारलं, काय करू. सासूबाई म्हणाल्या, "त्या दोघांचे कर. आपला राहू दे." तिनं दोनच केले. तिसऱ्या कुटुंबानं त्यांचा घेतला आणि माजघरात ठेवला. पैलवानानं आपला मांडीवर घेतला, डोळ्याजवळ नेला, अंगठा आतून फिरवून बघितला. हिरव्याकाळ्या काचेत एक गंजका खिळा तसाच राहिला होता. त्याच्या आईनं तो जुन्या घोंगडीत गुंडाळून आत नेला. पुढे काय केलं, आम्ही विचारलं नाही.

बूट देऊन झाले आणि वन्संचं काम अडलं. कारखाना बंद म्हणजे त्या भट्टीची काच कायमची संपली. गावात पाडापाडी चालली होती, जुन्या खिडक्यांचे ढीग रस्त्यावर पडलेले. तिनं त्या आणल्या. पण खिडकीची काच बाटलीच्या काचेसारखी वागत नाही, आणि तिच्या वह्यांत तिच्याबद्दल एक ओळ नव्हती. दोनदा लावली, दोनदा फुटली. एके दिवशी मी घरी सहज बोलले, "वन्सं भट्टी आठशे साठ डिग्रीला ठेवते म्हणे." ह्यांनी पेला खाली ठेवला. भट्टीवर वीस वर्षं काढलेला माणूस. उठले, चपला घातल्या आणि निघाले. मी मागे धावले, पुन्हा काही मोडू नये म्हणून.

शेडमध्ये शिरताच, अकरा महिन्यांनी, पहिलं वाक्य हे होतं, "आठशे साठला खिडकीची काच ढिम्म हलत नाही! अक्कल गहाण टाकलीस का?"

वन्सं वळून म्हणाली, "जास्त तापवलं की वर साय धरते ती! तुला काय कळतं, तुम्ही भट्टीवाले नुसता कोळशासारखा जाळ करणार!"

"नऊशे वीस! आणि खाली पटकन आण, रेंगाळू नकोस!"

"साचा फुटेल!"

"मग साचा जाड कर! ते मी सांगू?"

मी दाराला टेकून बसले. त्यांनी एकमेकांची माफी मागितल्याचं मी तेव्हा ऐकलं नाही आणि नंतरही नाही. फक्त एकदा, हे डाव्या हातानं पोतं उचलायला गेले तेव्हा तिनं ते हिसकावून घेतलं आणि म्हणाली, "ठेव तिथे," आणि ह्यांनी ठेवलं.

नऊशे वीसलाही एक फुटली. नंतरची अख्खी निघाली, हाताएवढी वीट, ढगाळ, फिकट हिरवी. वन्संना ती आवडली नाही. ह्यांना आवडली. त्यावरून दोघं दुपारभर घसा ताणून भांडले, शेजारचा सुतार दोनदा डोकावून गेला. मी घरी निघाले, कारण मला दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जायचं होतं आणि त्या दोघांचं लवकर आटपायची काही चिन्हं नव्हती.